गांवोगांवच्या युद्धशिला

पहिल्या महायुद्धानंतर सातारा, रत्नागिरी इत्यादि जिल्ह्यांतील कित्येक गांवीं सरकारनें स्मारकशिला बसविल्या. त्यांची धाटणी ठराविक आहे. गांवाचें नांव, १९१४ ते १९१९ या काळांत तेथून युद्धास गेलेल्यांची संख्या, व पैकीं मेलेल्यांची संख्या. माणसाचें नांव मात्र नाहीं. ग्रामस्मृतीच्या दृष्टीनें या अभावाचें महत्त्व काय, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

रणांत पडलेल्यांसाठीं दगड उभारण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. खालच्या चौकटींत युद्ध, मध्यें अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा व माथ्यावर चंद्रसूर्य अशा क्रमाचे वीरगळ शेंकडों गांवीं आढळतात. परंतु बहुतेकांवर लेख नाहीं. शेंदूर लागून वीर देव झाला. तो कोणाचा कोण, हें मात्र विसरलें गेलें.

याच्या उलट कोरेगांव भीमा येथील स्तंभाचें उदाहरण आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची खूण म्हणून इंग्रजांनीं त्याचा पाया १८२१ सालीं घातला. उभारणाऱ्यांचा हेतु स्वतःच्या विजयाचा गौरव करण्याचा, हें उघड आहे. पण त्यावर शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं, आणि त्यांत ‘नाक’ हें पद अंतीं असलेलीं महार शिपायांचीं नांवें पुष्कळ आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं तेथें गेले. शतकानंतर एका समाजास त्या दगडावर आपले पूर्वज ओळखतां आले, तें या नांवांमुळेंच. त्या लढाईच्या अर्थाविषयीं मतभेद आहेत. पण नांवांवांचून तो वादहि संभवला नसता.

महायुद्धांत सहाव्या म्हणजे पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. कूट येथील वेढ्यांत उपासमार सोसून ही फौज २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेली. पुढें कैदेंतहि अनेक शिपाई वारले. फ्रान्समध्यें न्यव्ह शापेल येथें १९२७ सालीं हिंदी शिपायांचीं नांवें कोरण्यांत आलीं. १९२९ च्या बसरा स्मारकावर मात्र हिंदी अंमलदारांचीं नांवें आलीं व साधे शिपाई केवळ संख्येनें नोंदले गेले. ही विषमता राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानें २०२१ सालीं जाहीरपणें मान्य केली.

गांवच्या शिलांवर तोच आंकड्यांचा हिशेब दिसतो. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगें गांवचे ४६ जवान या युद्धांत पडले. तेथें पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचे तरुण सैन्यांत जात राहिले, आणि ‘मिलिटरी’ हें पद गांवाच्या नांवासच जोडलें गेलें. अर्थात् संख्या जिवंत राहिली ती परंपरेच्या बळावर. जेथें ती परंपरा तुटली, तेथें शिला मुकी झाली.

तरी नांवें सर्वस्वीं नष्ट झालीं असें नव्हे. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचें नांव, नंबर व पलटण कोरलेली असे. अशीं पदकें अद्याप जुन्या पेट्यांतून निघतात आणि चांदीच्या भावानें मोडींतहि जातात. तीं नाहींशीं होण्यापूर्वीं प्रत्येक गांवानें त्यांचीं टिपणें करून शिलेवरील आंकड्याशीं ताडून पाहावीं. ज्या शिलेनें केवळ संख्या सांगितली, तिच्याशेजारीं नांवें लिहिण्याचें काम आतां गांवाचेंच आहे.