शमादानाचे आरसे

जुन्या वस्तूंचा शौक आपल्या सुशिक्षित मंडळींत अलीकडे बराच वाढला आहे. मुंबईच्या चोरबाजारांत अथवा परदेशांतील एखाद्या लिलावांत सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटीचा व खालच्या अंगास मेणबत्त्यांकरितां पितळी हात बसविलेला आरसा नजरेस पडला, म्हणजे रसिकाचें मन त्याजवर जडावें यांत नवल नाहीं. परंतु खरेदीच्या वेळीं गिऱ्हाईक जे प्रश्न विचारतो, ते ऐकून आम्हांस खेद होतो. आरशांत तोंड नीट दिसेल काय? पारा उडालेला भाग पुन्हां चकचकीत करून मिळेल काय? हे प्रश्न वरवर व्यवहारचातुर्याचे वाटतात. पण ज्या वस्तूविषयीं ते विचारले जातात, तिचें प्रयोजनच त्यांत हरवलेलें असतें. हे आरसे मुख्यतः तोंड पाहण्याकरितां घडविलेले नाहींत. ते उजेड वाढविण्याकरितां घडविलेले आहेत. आरसा हा येथें दिव्याचा अर्धा भाग होय. एवढी गोष्ट ध्यानांत आली म्हणजे त्याचें मोल कशांत आहे, आणि तें आपल्याच हातून कसें नाहींसें होतें, हें समजण्यास वेळ लागणार नाहीं.

अशा भिंतीवरील शमादानांस फ्रेंच व इंग्रजी भाषांत ‘जिरांदोल’ म्हणतात. हा शब्द मूळचा इटालियन असून, तेथें त्याचा अर्थ दारूकामांतील फिरतें चक्र असा होतो. आपलें दिवाळींतील भुईचक्र डोळ्यांपुढें आणिलें, म्हणजे या नांवाचें मर्म सहज कळेल.

आज बटण दाबतांच खोली उजळते. त्यामुळें उजेडासही एके काळीं भारी मोल होतें, हें आपण विसरून गेलों आहों. मेणबत्ती हा आपला शब्द मेणाचें नांव सांगतो खरा. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपांत मधमाशांचें खरें मेण श्रीमंतांच्या व देवळांच्या वांट्यास येई, आणि सामान्य माणसाच्या घरीं जनावरांच्या चरबीची बत्ती जळे. ती धूर करी, तिला दुर्गंध येई व तिची काजळी वरचेवर कातरून टाकावी लागे. इंग्लंडांत १७०९ सालीं पार्लमेंटानें मेणबत्त्यांवर कर बसविला. त्यांत मेणाच्या बत्तीवरील दर चरबीच्या बत्तीवरील दराच्या आठपट होता, आणि परवान्यावांचून घरच्या घरीं बत्त्या करण्यासही बंदी झाली. हा कर १८३१ सालीं उठला. म्हणजे सुमारें सव्वाशें वर्षें त्या देशांत संध्याकाळनंतर वाचणें, शिवणें किंवा पाहुण्यांशीं बोलत बसणें यांजवर सरकारची पट्टी होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

भिंतीजवळ लावलेल्या बत्तीचा निम्मा उजेड भिंतीकडेच जातो; आणि ती भिंत काळसर लांकडाची किंवा गडद रंगाची असली, म्हणजे तो तेथेंच गिळला जातो. बत्तीच्या पाठीशीं आरसा ठेविला, कीं तोच उजेड बहुतांशीं खोलींत परत येतो. आरसा स्वतः उजेड निर्माण करीत नाहीं. वायां जाणारा उजेड वांचवितो, एवढेंच. शमादानाच्या आरशाचें सारें शास्त्र या एका वाक्यांत आलें.

ही काटकसर मात्र प्रथम राजेरजवाड्यांसच परवडणारी होती. कारण मेणबत्तीहून कांच महाग. आरशाच्या कांचेची विद्या दीर्घकाळ व्हेनिसच्या हातीं होती. आगीच्या भयानें त्या नगरीनें १२९१ सालीं आपल्या कांचेच्या भट्ट्या जवळच्या मुरानो बेटावर हलविल्या, आणि तेथील कारागिरांनीं ही विद्या परदेशीं नेऊं नये म्हणून कडक निर्बंध घातले. सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपांतील दरबारांचा पुष्कळ पैसा आरशांपायीं व्हेनिसकडे वाहत होता. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा मंत्री कोल्बेर यास हें सहन होईना. १६६५ सालीं त्यानें पॅरिस येथें राजाश्रयाखालीं आरशांचा कारखाना उभा करविला, व मुरानोचे कांहीं कारागीर गुप्तपणें फोडून आणिले. व्हेनिसच्या सरकारानें त्यांस धमक्या दिल्या, आमिषेंही दाखविलीं. पुढें त्यांपैकीं कांहींजण पॅरिसांत अकस्मात् मरण पावले, तेव्हां विषप्रयोगाचा संशय घेतला गेला.

या चढाओढीचें फळ म्हणजे व्हर्सायच्या राजवाड्यांतील आरसेमहाल होय. १६८४ सालीं पुऱ्या झालेल्या या सुमारें दोनशें चाळीस फूट लांबीच्या दालनांत सतरा खिडक्यांसमोर सतरा कमानी असून, त्या कमानींत ३५७ आरसे जडविलेले आहेत. दिवसां उद्यानावरील ऊन आणि रात्रीं झुंबरांचा उजेड ते परत फिरवीत. इतके तुकडे जोडावे लागले याचें कारण, फुंकून केलेली कांच त्याहून फारशी मोठी निघत नसे. पुढें १६८८ च्या सुमारास वितळलेली कांच मेजावर ओतून लाटण्याची रीत फ्रान्सांत प्रचारांत आली, आणि सँ-गोबँ येथील कारखान्यांतून मोठमोठ्या अखंड कांचा बाहेर पडूं लागल्या.

इंग्लंडांत हीच कथा अंमळ उशिरानें घडली. बकिंगहॅमच्या ड्यूकाच्या आश्रयानें व्हॉक्सहॉल येथें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आरशाच्या कांचा होऊं लागल्या खऱ्या; परंतु १७७३ सालीं ओतीव कांचेच्या कंपनीची स्थापना होऊन रेव्हनहेडचा कारखाना निघेपर्यंत मोठ्या कांचांकरितां फ्रान्सकडेच पाहावें लागे. त्यांत १७४५ सालीं सरकारनें कांचेवर वजनी कर बसविला, तो थेट १८४५ पर्यंत चालला. कांच अशी महाग, म्हणून नक्षीकाम करणाऱ्या सुतारानें आपलें सारें कौशल्य लांकडांत ओतिलें. टॉमस चिपेंडेल याच्या नमुन्यांच्या ग्रंथांत, विशेषतः १७६२ सालच्या आवृत्तींत, अशा शमादानांचीं जीं चित्रें आहेत, तींत कांच बेताची आणि वेलींचा विस्तार अफाट असा प्रकार दिसतो.

पुढें शतक पालटतांना गोल, फुगीर कांचेच्या आरशांची चाल पडली. शेरेटन याच्या १८०३ सालच्या कोशांत त्यांचें वर्णन आहे. चौकटींत ओळीनें बसविलेल्या सोनेरी गोळ्या, माथ्यावर पंख पसरलेला गरुड आणि दोहों बाजूंस मेणबत्त्यांचे हात, असा हा प्रकार बाजारांत अजून पुष्कळ आढळतो. अशा आरशांत तोंड वेडेंवांकडें दिसतें. परंतु सबंध खोली, तींतील सर्व दिव्यांसह, इवल्याशा वर्तुळांत मावते. हा आरसा मुखावलोकनाकरितां नव्हता, यास याहून निराळा पुरावा नको.

आतां या झगमगाटाचें दुसरें अंग पाहूं. त्या काळच्या आरशाच्या पाठीशीं चांदी नसे. सपाट दगडी मेजावर कथिलाचा पातळ वर्ख पसरीत, त्यावर पारा घाशीत व ओतीत, मग कांच अलगद सरकवून तिजवर वजनें ठेवीत. नंतर मेज थोडथोडें कलतें करून जादा पारा निथळूं देत. मोठ्या आरशास यापायीं आठवडेच्या आठवडे लागत. या अवधींत पाऱ्याची वाफ कारागिराच्या अंगांत भिनत असे. रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानें १७०० सालीं धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत व्हेनिसच्या आरसेवाल्यांस जडणारा कंपवात व दमा यांचें वर्णन असून, स्वतःच्याच आरशांत आपली दुर्दशा पाहण्याचा प्रसंग या माणसांवर येतो, याकडे त्यानें वाचकांचें लक्ष वेधिलें आहे. जुन्या आरशाची किंमत सांगतांना कोणताही व्यापारी ही बाब हिशेबांत धरीत नाहीं.

ही रीत रसायनशास्त्रानें मोडली. लीबिख या जर्मन शास्त्रज्ञानें १८३५ सालीं कांचेवर चांदीचा थर बसविण्याची क्रिया नोंदली व १८५६ सालीं ती व्यवहारोपयोगी केली. शतकाच्या अखेरीस पाऱ्याची कलई बहुतेक बंद पडली. इकडे लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर १८०७ सालीं गॅसचे दिवे लागले होते. पुढें मेणबत्त्यांवरील कर गेला, कांचेवरील करही गेला. कांच स्वस्त झाली, उजेड स्वस्त झाला, आणि शमादानाच्या आरशाचें काम संपलें. तेव्हांपासून तो केवळ शोभेची वस्तू होऊन राहिला. आणि शोभेला मागणी असल्यामुळें जुन्या घाटाच्या नकला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विपुल झाल्या.

आरसा व दिवा यांचें हें नातें आपल्या देशासही अपरिचित नव्हतें. ज्या १६६५ सालीं कोल्बेरनें आपला कारखाना काढिला, त्याच सालीं पुरंदरचा तह करविणारे मिर्झाराजे जयसिंग यांच्या अंबरच्या राजवाड्यांत शीशमहाल आहे. त्याच्या भिंतींत व छतांत आरशांचे बारीक तुकडे असे जडविले आहेत, कीं एका ज्योतीच्या असंख्य ज्योती व्हाव्या. पुण्याच्या शनिवारवाड्यांतही आरसेमहाल होता. १८२८ सालच्या आगींत वाड्याच्या इमारतींबरोबर तोही गेला. त्यांतील उजेड कसा असेल याची आज कल्पनाच करावयाची. जें आगीनें गेलें त्यास इलाज नाहीं. जें अज्ञानानें जातें त्यास मात्र आहे.

म्हणून अशा आरशाच्या खरेदीस निघालेल्या वाचकांस दोन शब्द सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. प्रथम कांच पाहावी. नाण्याची कड कांचेस टेकविली असतां नाणें व त्याचें प्रतिबिंब यांत जें अंतर दिसतें, तें कांचेच्या जाडीमुळें पडतें. जुनी कांच बहुधा पातळ असल्यामुळें हें अंतर थोडें असतें. पाऱ्याच्या आरशांतील प्रतिबिंब किंचित् निळसर-करडें व मवाळ असतें. चांदीचें प्रतिबिंब अधिक पांढरें व तीक्ष्ण. जुन्या कांचेच्या कडेची उतरण इतकी अल्प असते, कीं ती डोळ्यांपेक्षां बोटास आधीं कळते. उंच आरसा दोन कांचांचा जोडलेला असला, तर त्यास खोट समजूं नये; तो कांचेच्या महागाईचा दाखला होय. नंतर चौकट पाहावी. कोरीव लांकडावर पांढरें अस्तर, त्यावर तांबडी किंवा पिवळी माती व तिजवर सोन्याचा वर्ख, असे थर झिजलेल्या जागीं दिसले तर काम जुन्या रीतीचें समजावें. सोनेरी रंग लगेच ओळखूं येतो. हातांच्या मुळाशीं विजेच्या तारेकरितां पाडलेलें भोंक आहे कीं काय, हेंही पाहून घ्यावें. या खुणांपैकीं एकटी कोणतीही निर्णायक नाहीं. नकला करणारासही त्या ठाऊक असतात. सगळ्या एकमेकींस दुजोरा देतात कीं नाहीं, हें पाहणें महत्त्वाचें.

आतां मुख्य गोष्ट. पारा उडालेला आरसा पुन्हां कलई करण्यास देऊं नये. तसें करावयाचें तर जुना थर खरवडून टाकावा लागतो, आणि त्याबरोबर ज्या कारागिराच्या हातांस कंप सुटला त्याचें कामही पुसलें जातें. उरते ती जुन्या चौकटींतील नवी वस्तू. शिवाय त्या थरांत पारा अजून असतो, त्यामुळें तो घरीं खरवडणें धोक्याचें आहे. आरशाच्या तळाशीं पाऱ्याचे थेंब जमलेले दिसले, तर त्यांस हात न लावतां जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. ज्या ज्योतीकरितां हा आरसा जन्मास आला, ती लावण्याचा मोहही आतां आवरावा. उष्णतेनें हा थर अधिक बिघडतो व काजळीनें सोनें काळवंडतें. खोलीच्या दुसऱ्या अंगास मंद दिवा ठेविला तरी पुरे आहे.

कोणी म्हणेल, तोंड दिसत नाहीं आणि बत्ती लावावयाची नाहीं, तर मग एवढे पैसे कशास मोजावयाचे? ज्यास स्वच्छ आरसाच पाहिजे, त्यानें नवी कांच घालून जुनी कांच नीट गुंडाळून जपून ठेवावी. पुढील पिढीस ती परत बसवितां येईल. परंतु ज्यास खोली थोडी अंधारी चालत असेल, त्यानें एखाद्या संध्याकाळीं विजेचे दिवे मालवून या करड्या कांचेकडे पाहावें. तींत दिसणारा उजेड अंधुक आहे खरा. पण तेवढ्याच उजेडांत दोनशें वर्षांपूर्वीं माणसें एकमेकांचीं मुखें ओळखीत होतीं, आणि तेवढ्याकरितांही कर भरीत होतीं.