अलल्डुर्र!

परवा साताऱ्याहून भाचा आला. जेवणं झाल्यावर त्याने स्पीकर लावला आणि आमच्या सांगलीच्या घरात एकदम कोणीतरी डरकाळी फोडली. आई आतून म्हणाली, "अरे, कोण भांडतंय?"

भांडत कोणीच नव्हतं. मुंबईच्या 'डिमॉनिक रिझरेक्शन' या बँडचा २०१७ सालचा 'दशावतार' हा अल्बम होता तो. दहा गाणी, दहा अवतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. मामाच्या नात्याने जे बोलायचं ते मी बोललो. "देवांची नावं घेऊन ही कसली ओरडाओरड? आपल्यात हे बसतं का?" पोरगा काही बोलला नाही. मुकाट्याने हेडफोन लावून बसला.

सकाळी चहा घेताना त्यानेच समजावून सांगितलं. या घोगऱ्या, घशातून काढलेल्या आवाजाला 'ग्राउल' म्हणतात. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या बँडने १९९१ मध्ये 'गॉथिक' नावाचा अल्बम काढला. त्यात या राक्षसी आवाजाशेजारी बाईचा गोड आवाज आणि वाद्यवृंदासारखे सूर आणून ठेवले. पुढे त्या धाटणीच्या संगीताला 'गॉथिक मेटल' हेच नाव पडलं. मुंबईकरांचा बँड तंतोतंत त्या जातीचा नाही, पण भाऊबंद म्हणायला हरकत नाही.

राक्षस आणि बाई... आणि मला एकदम विष्णुदास भावे आठवले!

आम्ही सांगलीकर ५ नोव्हेंबर आला की ताठ होतो. १८४३ साली याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून मानतात. पण त्या खेळात होतं काय, हे आम्ही फारसं सांगत नाही. सूत्रधार पदं म्हणायचा, मागे झांजा-मृदंग, आणि नटांचे सरळ तट असत: देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. राक्षस रंगवलेल्या तोंडाने, राळेच्या भडक्यात, आरोळ्या ठोकत यायचे. त्या आरोळ्यांवरूनच लोकांनी असल्या नाटकांना 'अलल्डुर्र' असं नाव ठेवलं.

म्हणजे ग्राउल आमच्या गावात पावणेदोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला की!

बरं, भाव्यांचं तरी सगळं घरचं होतं का? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ राजेसाहेबांनी पाहिले आणि तसं काहीतरी मराठीत, जरा नेटकं, करायला भाव्यांना सांगितलं. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय सुटला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले. १८५३ मध्ये मुंबईत खेळ झाले. आजच्या भाषेत टूरच ती.

पुढे शिकलेल्या लोकांना हे धांगडधिंगा वाटू लागलं. १८८० मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, गाणं सुरेल झालं आणि राक्षसपार्टी हळूहळू मागे पडली. कोकणातल्या दशावतारात मात्र राक्षस अजूनही ओरडतो. मला संगीत नाटक जिवापाड आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण देवाचं मोठेपण समजायला समोर खराखुरा भीती घालणारा राक्षस लागतो, हे त्या जुन्या मंडळींना कळत होतं. आम्ही सोज्वळ झालो आणि भीतीची जागाच काढून टाकली. नरसिंहाची गोष्ट गोड गळ्यात सांगायची तरी कशी? खांब फुटतो तिथे!

संध्याकाळी मी भाच्याला म्हटलं, "ते नरसिंहाचं गाणं लाव बघू. हेडफोन नको."

शब्द एकही कळला नाही. अर्ध्या गाण्यानंतर डोकंही दुखायला लागलं, खोटं कशाला सांगू? पण "आपल्यात बसतं का" हे वाक्य मात्र मी परत घेतलं, आणि तसं त्याला सांगितलंही. तो नुसता हसला.

आई म्हणाली, "आवाज जरा कमी करा." तेवढं आम्ही ऐकलं.