प्लेगचं पुणे आणि आपली टाळेबंदी

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी जो साथरोग कायदा लागू झाला, तो १८९७चा. प्लेगच्या वेळचा. म्हणून आज आपण त्या वर्षीच्या पुण्यात जाऊ.

रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर झडतीसाठी घरांत शिरत. माजघर, देवघर काही सुटत नसे. आजाऱ्याला इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. मग काय, लोक आजारी माणसं लपवू लागले.

आपण चटकन म्हणतो, लोक अडाणी होते. पण पुण्याजवळच सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत फुले यांनी काढलेल्या दवाखान्यात रुग्ण होतेच ना! त्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. म्हणजे चीड उपचारांपेक्षा उंबरठा ओलांडणाऱ्या बुटांची होती. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्यामागेही हीच चीड होती.

आणि २०२०मध्ये आपण? पोलिसांच्या काठ्यांचे, उठाबशांचे व्हिडिओ आपण हसत एकमेकांना पाठवले. ज्या घरात तेव्हा कुणी खोकत होतं, त्या घरानं ते कसे पाहिले असतील?