हायड्रिला व तत्सदृश जलवनस्पती : नामनिश्चितीचा इतिहास

घाटंजीसारख्या विदर्भातील गावच्या शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग दाखविताना नरसाळ्याखाली जी हिरवी जलवनस्पती ठेवतात, ती हायड्रिला होय. युरोपीय पाठ्यपुस्तकांत तिच्या जागी एलोडिया आढळते. दोन्ही आकृत्या इतक्या सारख्या असतात की, वनस्पतीही एकच असावी असे वाटते. हा भ्रम केवळ विद्यार्थ्यांचा नाही. जाणत्यांनाही तो झाला आहे.

भारतातील पाण्यात आढळणाऱ्या या वनस्पतीस धाकट्या लिनीअसने सर्पिक्युला व्हर्टिसिलाटा असे नाव दिले. पुढे रिचर्डने हायड्रिला ही प्रजाती स्थापिली व १८३९ मध्ये रॉयलने या वनस्पतीस आजचे नाव दिले. उत्तर अमेरिकेतील एलोडिया कॅनडेन्सिसचे वर्णन मिशोने १८०३ मध्ये केले होते. तिसरी सदृश वनस्पती म्हणजे दक्षिण अमेरिकेतील इजेरिया डेन्सा. तिला हे नाव १८४९ मध्ये प्लांशॉने दिले. तिन्हींचे कुल एकच, हायड्रोकॅरिटेसी.

पहिला घोटाळा ब्रिटनमध्ये झाला. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या सीमेलगतच्या एका तळ्यात एलोडिया आढळली. १८४८ मध्ये बॅबिंग्टनने तिला नवी ब्रिटिश जाती समजून अनाकॅरिस अल्सिनॅस्ट्रम असे नाव दिले. वस्तुतः ती अमेरिकेतून आलेली पाहुणी होती. नामाचा निर्णय लागेपर्यंत तिने नद्या व कालवे व्यापले, आणि नौकांची वाट अडू लागली.

दुसऱ्या घोटाळ्यात भारतीयांना परिचित अशी हायड्रिलाच होती. १९५० च्या दशकात मत्स्यपात्रांच्या व्यापारासाठी ती श्रीलंकेतून फ्लोरिडात नेण्यात आली. १९६० च्या सुमारास ती तेथील मोकळ्या पाण्यात दिसली, तेव्हा प्रथम तिला एलोडियाचाच एक प्रकार मानले गेले. खरी ओळख पटली तोवर तिचा प्रसार आवरण्याजोगा उरला नव्हता. तिच्या निर्मूलनावर पुढे फार मोठा खर्च करावा लागला.

वास्तविक भेद ओळखणे कठीण नाही. एलोडियाच्या मंडलात बहुधा तीन पाने असतात, इजेरियाच्या मंडलात बहुधा चार किंवा अधिक, तर हायड्रिलाच्या मंडलात तीन ते आठ, पण बहुधा पाच. मात्र संख्या बदलती असल्याने केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे. हायड्रिलाच्या पानाची कडा उघड्या डोळ्यांना दिसेल इतकी दंतुर असते आणि मधल्या शिरेवर खालच्या बाजूस बारीक काटे असतात. बोट फिरविताच खरखरीतपणा जाणवतो. एलोडिया व इजेरियाची पाने मऊ लागतात. शिवाय चिखलात हायड्रिलाचे लहान कंद सापडतात. उरलेल्या दोघींना कंद नसतात. हे कंदच तिच्या चिवटपणाचे कारण होय. वरची वेल उपटली, तरी ते जमिनीत शिल्लक राहतात व त्यांतून नवे अंकुर फुटतात.

हायड्रिलामध्येही भेद आहेत. फ्लोरिडात प्रथम पसरलेली वनस्पती केवळ स्त्रीपुष्पे धारण करणारी होती. १९८० च्या दशकात पोटोमॅक नदीत आढळलेल्या वनस्पतीस मात्र स्त्री व पुरुष दोन्ही पुष्पे एकाच वेलीवर येत. तात्पर्य, जाती ओळखली म्हणजे ओळख पूर्ण झाली असे नव्हे.

या इतिहासाचा बोध विदर्भातील तळ्यांनाही लागू आहे. येथे हायड्रिला मूळची, तर इजेरिया व एलोडिया परक्या. मत्स्यपात्रातील नको असलेली वेल तळ्यात टाकण्यापूर्वी तिच्या पानाच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. आणि ती कोणतीही निघाली, तरी तळ्यात न टाकता वाळवून नष्ट करावी.