गाळलेल्या जागा भरा

शुक्रवारची सकाळ. मस्कतमध्ये सुट्टी, त्यामुळे खाली रुवीचा रस्ता अजून शांत आहे. बाबांच्या जुन्या संगणकातली हार्ड डिस्क माझ्या संगणकाला जोडून मी बसले आहे. फोनवर सांगलीहून आई विचारते, "दिसतंय का गं काही?"

दिसतंय, पण काय दिसतंय ते तिला सांगणं अवघड आहे. फाइल मॅनेजरच्या खिडकीत काही नावांच्या जागी रिकामे चौकोन आहेत. काही ठिकाणी डोक्यावर टिंबं आणि तिरक्या रेघा मिरवणारी युरोपीय अक्षरं आहेत. एका फोल्डरमध्ये तर नुसत्या आडव्या रेघा, शाळेतल्या 'गाळलेल्या जागा भरा'सारख्या.

बाबा १९९०च्या दशकात नोकरीसाठी इथे आले आणि निवृत्त होऊन सांगलीला परतले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांनी आजोबांना टाइप करून पाठवलेली पत्रं आणि ओमानच्या आठवणी या डिस्कवर आहेत. आईला त्या वाचायच्या आहेत. माझी डॉक्टरेट जुन्या व्यापारी कागदपत्रांवरची, त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्याआधी मी ती खिडकी एखाद्या दप्तरासारखी वाचायला घेतली. बिघाडाची प्रत्येक जात वेगळ्या काळातली निघाली.

सर्वांत जुनी नावं सरळ रोमन लिपीत आहेत आणि आठ अक्षरांत कोंबलेली. डॉसमध्ये फाइलच्या नावाला आठ आणि शेपटीला तीन अक्षरं मिळत. ही अट १९९५मध्ये, विंडोज ९५ आल्यावर सुटली. पण मराठी नाव तेव्हाही देता येत नव्हतं. श्रीलिपी, आकृती यांसारख्या त्या काळच्या फाँटांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवले होते. पत्र उघडलं की मराठी दिसे, कारण पत्राला तो फाँट लावलेला असे. फाइल मॅनेजर मात्र सगळ्या नावांना स्वतःचा एकच फाँट लावतो. तिथे 'आई' लिहायला जावं तर भलतंच काही उमटणार. म्हणून बाबांनी पत्रं मराठीत लिहिली आणि त्यांना नावं रोमनमध्ये दिली.

प्रमाणित संकेत तेव्हा नव्हता असं मात्र नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान होतं. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हा संकेत होता, १९९१मध्ये तो भारतीय मानक झाला. त्याच्याच १९८८च्या आराखड्यावर युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी झाली, तीही १९९१मध्येच प्रसिद्ध झाली. म्हणजे कागदावर देवनागरीला स्वतःचं घर मिळालं होतं. ते घरोघरच्या संगणकांवर पोचायला आणखी दहाएक वर्षं लागली.

इथे ओमानची एक गंमत आहे. विंडोज २०००पासून देवनागरीची सोय आली, सोबत 'मंगल' हा फाँटही आला. पण एक्सपीमध्ये ती सोय बऱ्याचदा बंद असे. मग वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडे आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. ती सुरू करायला नियंत्रण कक्षात जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे आणि बहुतेकदा मूळ सीडीही शोधावी लागे. ती खूण होती गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींसाठी. अरबीत अक्षर शेजाऱ्यानुसार रूप बदलतं, देवनागरीत जोडाक्षर होतं. दोघांची जुळणी संगणकात एकाच ठिकाणी होत असे. आमचा घरचा संगणक रुवीच्या दुकानातून आला, तो अरबी सुरू करूनच. त्यामुळे बाबांनी पहिलं मराठी नाव दिलं तेव्हा वेलांटी जागेवर होती. दुकानदाराने ती खूण अरबीसाठी केली होती आणि तिचा फायदा मराठीला झाला.

त्या काळातली नावं मला चौकोनांसारखी दिसत होती. चौकोन म्हणजे नाव शाबूत आहे, फक्त काढायला फाँट नाही. माझ्या लिनक्सवर देवनागरी फाँट बसवला आणि पाच मिनिटांत नावं उभी राहिली.

युरोपीय अक्षरं काकांनी पाठवलेल्या झिप फाइलींतून आली होती. नावं युनिकोडमध्ये लिहिली आहेत असं नोंदवायची सोय झिपच्या नियमांत २००६मध्ये आली. त्याआधीच्या झिपमधली नावं उघडणारा आपल्या अंदाजाने वाचतो. मूळ झिप जपून ठेवली होती, म्हणून योग्य संकेत सांगून ती पुन्हा सोडवता आली. गोंधळलेल्या नावांना हाताने नवी नावं देत बसले असते तर मूळ नावं गेली असती.

आडव्या रेघांवर मात्र इलाज नाही. युनिकोडपूर्व प्रोग्रॅमांसाठी विंडोजमध्ये अरबीचं एक संकेतपान होतं, क्रमांक १२५६. देवनागरीसाठी असं पान कधी झालंच नाही. अशा प्रोग्रॅमला मराठी नाव दिसलं की तो प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवी. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून साठवताना तिथे रेघ येई. बाबांनी अशाच एका जुन्या प्रोग्रॅमने प्रती काढल्या होत्या. चौकोनामागे अक्षर असतं, रेघेमागे काहीच उरलेलं नसतं.

शेवटी एक कोडं उरलं. एकाच ठिकाणी 'किनाऱ्यावर' नावाचे दोन फोल्डर होते, दिसायला तंतोतंत सारखे. आपला हा चंद्रकोरीसारखा र दोन रीतींनी लिहिता येतो: 'ऱ'ला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक न दिसणारं चिन्ह घालून. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. एकात मत्राच्या समुद्राचे फोटो होते, दुसऱ्यात आठवणींची तीन प्रकरणं. 'रिकामी प्रत' समजून त्यातला एक मी जवळजवळ पुसला होता.

आजोबांची मोडी आपल्याला वाचता येत नाही याची हळहळ आपण करतो. पण मोडीचा कागद निदान डोळ्यांना दिसतो, आणि ती वाचणारं अजून कुणीतरी सापडतं. आपल्या घराघरांत पडलेल्या जुन्या डिस्कांचं तसं नाही. उघडाल तेव्हा आधी पूर्ण प्रत काढा आणि काहीही पुसू नका, कशाचंही नाव बदलू नका. मग खिडकीत काय दिसतंय ते नीट बघा.

रेघांच्या फोल्डरमध्ये एकेचाळीस फाइली आहेत. आतला मजकूर बहुतेक शाबूत आहे, गेली आहेत ती फक्त बाबांनी दिलेली नावं. संध्याकाळी मी आईला एकेक पत्र वाचून दाखवते. ती ऐकते, थोडा वेळ गप्प राहते आणि मग सांगते, "याला लिही, 'बाबूच्या मुंजीचं'."

आज सहा नावं झाली.