मंत्राची किंमत : जादूच्या एका हिशेबाचा मागोवा

पाचव्या पातळीच्या जादूगाराला दिवसातून दोनदा फायरबॉल टाकता येतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या नियमांत त्याचा तक्ता ठरलेला आहे : पहिल्या श्रेणीचे चार मंत्र, दुसरीचे तीन, तिसरीचे दोन. फायरबॉल, म्हणजे अग्निगोळ्याचा मंत्र, तिसऱ्या श्रेणीत येतो. त्याच आवृत्तीत, खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात, एक पर्यायी पद्धत दिली आहे. तीत श्रेणीवार मोजणी जाते आणि जादूगाराच्या हाती गुण येतात. पहिल्या श्रेणीचा मंत्र 2 गुणांना, दुसरीचा 3 ला, तिसरीचा 5 ला. बे चोक आठ, तीन त्रिक नऊ, बे पाचे दहा, बेरीज 27. पाचव्या पातळीला नेमके 27 गुणच मिळतात. हिशेब चोख आहे. फक्त 27 गुणांत पाच फायरबॉल बसतात. बेरीज जागची हलली नाही आणि जादूगाराचा मोठा मारा मात्र अडीच पट झाला.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : चार-पाच जण मेजाभोवती बसतात, एक जण जग चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र खेळतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. फासे पडतात, गोष्ट पुढे सरकते. जादूगाराला किती बळ द्यायचं, हा या खेळातला सर्वांत जुना वाद आहे आणि त्याची मुळं खेळाच्याही आधीची आहेत.

1950 साली जॅक व्हॅन्स या अमेरिकी लेखकाचं 'द डायिंग अर्थ' आलं. सूर्य विझत आलेल्या त्या पृथ्वीवर जादूगार मंत्र पाठ करतात, पण एका वेळी मोजकेच मंत्र त्यांच्या डोक्यात मावतात आणि एकदा उच्चारला की मंत्र मनातून पुसला जातो. मॅझिरियन नावाचा जादूगार मोहिमेवर निघण्याआधी मोठ्या कष्टाने पाच मंत्र डोक्यात कोंबतो. व्हॅन्सला ही युक्ती कथेसाठी हवी होती : साठा मर्यादित असला की उरलेल्या मंत्रांवर वाचकाची नजर खिळते.

दुसरं मूळ रणांगणावर आहे. 1971 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले. ते चिमुकल्या सैनिकांनिशी खेळायचे होते आणि त्यांना कल्पनारम्य पुरवणी जोडलेली होती. तिच्यातल्या जादूगाराच्या अग्निगोळ्याचा आवाका मोठ्या गोफणयंत्राएवढा आणि विजेच्या लोळाची लांबी-रुंदी जड तोफेएवढी धरलेली होती. जादूगार म्हणजे तोफखानाच. अशा खेळात त्याच्या बळाने कुणी नाराज होत नाही, कारण जादूगार आणि भालाईत दोघंही एकाच खेळाडूचे असतात.

1974 च्या जानेवारीत गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, तेव्हा नेमकं हेच बदललं. प्रत्येक प्याद्याला स्वतंत्र धनी मिळाला. तोफ एका मित्राच्या हातात आणि भाला दुसऱ्याच्या. माझ्या मते समतोलाचा सगळा प्रश्न या एका बदलातून जन्मला. पुढच्या पन्नास वर्षांतले जादूचे नियम या कसोटीवर घासले तरच त्यांचा अर्थ लागतो.

गायगॅक्सने व्हॅन्सची पद्धत उचलली ती साहित्यप्रेमापोटी आणि तितकीच लगामाच्या गरजेपोटी. सुरुवातीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. 1978 च्या नियमांत योद्ध्याच्या प्राणांसाठी दहा बाजूंचा फासा आणि जादूगारासाठी चार बाजूंचा. म्हणजे आधी बराच काळ जीव मुठीत धरून राहा, वर पोहोचलात तर सर्वांना मागे टाका. 1976 च्या एप्रिलमध्ये 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'त गायगॅक्सने लिहिलं की जादूगाराने इतरांच्या बरोबरीने उभं राहावं पण सर्वांना झाकोळू नये असा बेत होता, आणि प्रत्यक्षात तो तसा साधला नाही. खेळाच्या कर्त्याने दोनच वर्षांत इतक्या स्वच्छपणे हे कबूल केलं, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

तोवर पर्याय निघालेही होते. ॲरिझोनातल्या फीनिक्समधल्या केन सेंट आंद्रे याने 1975 मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला. त्यात मंत्राची किंमत अंगबळातून जाते : मंत्र म्हटला की तेवढे बळाचे गुण उतरतात आणि विश्रांतीने परत येतात. पाठांतर नाही, विस्मरण नाही. कल्पना फार सुंदर आहे, कारण जादूगार थकताना दिसतो. पण तिचा एक विचित्र परिणाम झाला. ज्याच्या अंगात जास्त बळ तोच जास्त मंत्र म्हणणार, म्हणून सर्वोत्तम जादूगार पैलवान निघू लागले. शेवटी 2005 च्या सातव्या आवृत्तीत जादूसाठी वेगळा गुण काढावा लागला.

1978 च्या 'रूनक्वेस्ट'ने प्रश्नाची बाजूच बदलली. स्टीव्ह पेरिन आणि मंडळींच्या या खेळात योद्ध्यालाही छोटे मंत्र येतात. तलवारीला धार देतात, जखम भरतात. देवाकडून मिळणाऱ्या मोठ्या मंत्रासाठी मात्र आत्मशक्तीचा अंश कायमचा अर्पण करावा लागतो. जादू सर्वांचीच झाल्यावर जादूगाराचा हेवा करायला कुणी उरत नाही.

दरम्यान 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये मनःशक्तीची एक समांतर पद्धत आली होती, 1976 च्या पुरवणीत आणि नंतर 1978 च्या मुख्य पुस्तकात. तिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण पर्यायी पद्धत कशी बिघडते याचा इतका पूर्ण नमुना दुसरा नाही. 1978 च्या रूपात ही शक्ती फाशाच्या योगाने मिळे. ज्याला लागली त्याला आपल्या मूळ पेशाखेरीज जवळजवळ फुकटात आणखी एक शस्त्रागार मिळालं. वर मनःशक्तीच्या द्वंद्वाचं घड्याळही निराळं होतं. साध्या लढाईच्या एका फेरीत त्याचे दहा डाव होत. दोन मनं भिडली की मेजावरचे बाकीचे हात बांधून बघत राहत. शक्ती नशिबावर आणि वेळ इतरांचा. पुढे 1991 मध्ये तिला स्वतंत्र पेशा दिला गेला. 2004 च्या पुस्तकात ब्रूस कॉर्डेलने खरी दुरुस्ती केली. जादूगाराचा फायरबॉल पातळी वाढली की आपोआप वाढत असे. मनःशक्तीच्या माऱ्याला प्रत्येक जादा फाशासाठी जादा गुण मोजावा लागू लागला. शिवाय एका खेपेला आपल्या पातळीहून जास्त गुण खर्चायला मनाई. गुणांच्या पद्धतीत मला दिसलेला हा सर्वांत प्रामाणिक नियम.

सर्वांत धीट उत्तर मात्र मिनेसोटातून आलं. जोनाथन ट्वीट आणि मार्क रेन-हेगन यांच्या 1987 च्या 'आर्स मॅजिका'त पाच क्रिया आणि दहा विषय असतात. घडवणं, जाणणं, बदलणं, नासवणं, ताब्यात ठेवणं या क्रिया; पाणी, आग, मन, देह असे विषय. त्यांच्या जोड्यांतून कुठलाही मंत्र रचता येतो. इथला जादूगार सरळसरळ इतरांहून बलाढ्य आहे आणि नियम ते लपवत नाहीत. तोल राखला आहे तो खेळाडूंमध्ये : प्रत्येकाकडे एक जादूगार, एक सोबती, आणि रखवालदारांचा ताफा सामायिक. आज तुझा जादूगार पुढे, माझ्या हाती भाला. पुढच्या खेपेला उलट. 'चेनमेल'नंतर प्रथमच भाला आणि तोफ एकाच हातात आले. या परंपरेतली ही सर्वांत मोठी उमज आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हाच ट्वीट पुढे 2000 सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीच्या मुख्य रचनाकारांत होता. त्या आवृत्तीत पाठांतराविना मंत्र म्हणणारा सॉर्सरर आला आणि मागोमाग पर्यायांचा पूरही. 2006 च्या 'टोम ऑफ मॅजिक'मधली खऱ्या नावांची जादू वाचायला विलक्षण आहे, पण तिचं गणित उलटं फिरतं. शत्रू एका पायरीने कठीण झाला की गाठायचा आकडा दोनने वाढतो आणि पात्राचं कौशल्य पातळीमागे एकानेच. बाहेरून मदत घेतली नाही तर अनुभवासोबत हा जादूगार दुबळा होत जातो.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने योद्ध्याला आणि जादूगाराला एकच साचा दिला : काही करामती केव्हाही, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. तोल इतका नेमका कधीच साधला नव्हता. तरीही अनेकांना जादू जादूसारखी वाटेना आणि 2009 मध्ये 'पाथफाइंडर' या वेगळ्या खेळाने जुन्या पद्धतीवरच आपला संसार थाटला. 2014 मध्ये तडजोड झाली. छोटे मंत्र हवे तेवढे, मोठ्यांना मर्यादा, आणि टिकणाऱ्या बऱ्याचशा मंत्रांसाठी एकाग्रता लागते, जी एका वेळी एकाच मंत्राला देता येते. एकाग्रतेचा हा नियम साधा आहे आणि गुणांच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त काम करतो.

गुणांच्या त्या पर्यायी पद्धतीतही सहावी श्रेणी आणि त्यावरचा प्रत्येक मंत्र दीर्घ विश्रांतीपर्यंत श्रेणीमागे एकदाच म्हणता येतो. कुंपण आहे, पण ते उशिरा सुरू होतं. बहुतेक घरगुती खेळ त्या पातळीच्या खालीच चालतात. म्हणून आपल्या गटासाठी नियम रचणाऱ्यांना माझी विनंती आहे. गुणांची पद्धत जरूर आणा, तिच्यातलं स्वातंत्र्य खरोखर आनंदाचं आहे. पण मूळ तक्त्यात सर्वोच्च श्रेणीचे जितके मंत्र आहेत, त्यांहून एकच जास्त म्हणता येईल एवढी अट पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. आणि दोन-चार बैठकींनंतर पद्धत कशी चालली हे विचारायचं असेल, तर ते जादूगार खेळणाऱ्याला विचारू नका, योद्धा खेळणाऱ्याला विचारा.