ह्युएन त्संग वैरागडला आला होता का? चुकीचा प्रश्न आणि खरी साक्ष

वर्षावासात वडसा तालुक्यातल्या एका विहारात ग्रंथवाचनानंतर चर्चा सुरू होती. बारावीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, कॉलेजात पोरं म्हणतात, तुमचा धम्म तर 1956 चा. त्याच्या आधी तुमचं काय होतं?" उत्तर देण्याआधीच दुसऱ्या तरुणाने मोबाईल पुढे केला. त्यात एक पोस्ट होती. चिनी प्रवासी ह्युएन त्संग आपल्या वैरागडला येऊन राहिला, वैरागड ही बौद्ध राजधानी होती, हे 'सिद्ध' झाले आहे, असा मजकूर होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र प्रश्नापेक्षा हे उत्तर जास्त काळजीचे वाटले.

आपण पुराव्याने बोलणारी माणसे आहोत. पुराणातल्या विमानांना आपण हसतो. मग आपल्या बाजूची गोष्ट आली की पुरावा मागायचे का विसरतो?

आधी माणूस ओळखून घेऊ. ह्युएन त्संग हा चीनमधला बौद्ध भिक्खू. चीनमध्ये पोहोचलेल्या बौद्ध ग्रंथांची भाषांतरे अपुरी आहेत, एकमेकांशी जुळत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय मानायचे नाही असे त्याने ठरवले. देश सोडायला बादशहाची बंदी असताना तो 629 साली निघाला आणि वाळवंट, बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात आला. नालंदा येथे आचार्य शीलभद्रांच्या हाताखाली शिकला. 645 साली परतला तेव्हा त्याच्याबरोबर 657 ग्रंथ होते. पुढची 19 वर्षे, म्हणजे 664 साली मृत्यू होईपर्यंत, तो भाषांतर करत राहिला. 75 ग्रंथ त्याने चिनीत आणले. त्याची विचारपरंपरा त्याचा जपानी शिष्य दोशो याने जपानला नेली. तलवार नाही, आमिष नाही. हा धर्मप्रसारक आधी विद्यार्थी होता आणि शेवटपर्यंत भाषांतरकार राहिला.

आता वैरागडचा दावा. तो हवेतून आलेला नाही. कलिंगातून वायव्येला सुमारे 1800 ली अंतर चालून आपण कोसल देशात पोहोचलो, असे त्याने लिहिले आहे. हा अयोध्येकडचा कोसल नव्हे, दक्षिण कोसल. चारी बाजूंनी डोंगर आणि जंगल, जमीन सुपीक, माणसे उंच, काळी आणि शूर, राजा बुद्धाच्या धम्माला मानणारा. सुमारे 100 संघाराम आणि दहा हजारांच्या आतबाहेर भिक्खू. नागार्जुन याच देशात राहिले होते, असेही तो सांगतो. झाडीपट्टीतल्या माणसाने हे वर्णन वाचले की त्याला आपलेच गाव आठवणार. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभ्यासक ही राजधानी शोधू लागले तेव्हा कनिंगहॅम यांचा कल चांद्याकडे होता. फर्ग्युसन यांनी वैरागड आणि भांदक ही दोन नावे सुचवली आणि त्यातले वैरागड पसंत केले. आरमोरीच्या पुढचे, खोब्रागडी नदीकाठचे हे आपलेच वैरागड.

पण फर्ग्युसन यांनी हे नकाशावर अंतर मोजून सुचवले होते, जमीन खणून नव्हे. पुढे 1950 च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी छत्तीसगडमधल्या सिरपूरला उत्खनन केले. तिथे मोठे विहार निघाले, बुद्धमूर्ती निघाल्या, आनंदप्रभ भिक्खूच्या विहाराचा शिलालेख निघाला. सिरपूर ही दक्षिण कोसलच्या राजांची राजधानी होती, हेही लेखांवरून स्पष्ट आहे. म्हणून आज बहुतेक अभ्यासक सिरपूरच्या बाजूने आहेत. वैरागड हा दीडशे वर्षांपूर्वीचा एक अंदाज आहे. त्याला 'सिद्ध झाले' म्हणणे म्हणजे समोरच्याच्या हातात काठी देणे आहे. उद्या कुणी सिरपूरचा शिलालेख दाखवला तर आपला तरुण भर वर्गात तोंडघशी पडेल, आणि मग त्याचे खरे बोलणेही कुणी ऐकणार नाही.

मग आपल्या हातात काय उरते? भरपूर उरते.

पहिली गोष्ट, भद्रावतीची विजासन लेणी डोळ्यांसमोर आहेत. डोंगर कोरून केलेल्या त्या लेण्यांत बुद्ध बसलेले आहेत. या मातीत धम्म होता हे सांगायला चिनी प्रवाशाच्या पायाचा ठसा लागत नाही.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्राबद्दलची त्याची साक्ष. पुलकेशीच्या राज्यात सुमारे 100 संघाराम आणि 5000 भिक्खू होते, असे तो नोंदवतो. राज्याच्या पूर्व सीमेवर डोंगरात कोरलेल्या विहाराचे तो वर्णन करतो. तो आचार नावाच्या अर्हताने बांधला आणि बाहेर दगडी हत्ती आहेत, असे सांगतो. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात अचल या स्थविराचे नाव आहे. 16 क्रमांकाच्या लेण्याच्या दारात दगडी हत्ती आजही उभे आहेत. लिहिलेला शब्द आणि कोरलेला दगड एकमेकांना दुजोरा देतात, त्याला पुरावा म्हणतात.

तिसरी गोष्ट बोधगयेची. त्याचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकात युरोपीय भाषांत आला आणि तो हातात घेऊन कनिंगहॅम यांनी विसरलेली बौद्ध स्थळे शोधली. महाबोधी महाविहाराचे वर्णन त्याने केले आहे. शशांकाने बोधिवृक्ष तोडल्याची हकीकतही त्यानेच लिहून ठेवली. आज 1949 च्या कायद्याने त्या महाविहाराच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि वर जिल्हाधिकारी आहेत. हे व्यवस्थापन बौद्धांच्या हाती द्या, ही मागणी आपण करतो, तेव्हा आपल्या मागे तेराशे वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष साक्षीदार उभा असतो.

पण सगळ्यात महत्त्वाची साक्ष वेगळीच आहे, आणि ती बाबासाहेबांनी हेरली. ह्युएन त्संगने नोंदवले आहे की खाटीक, मासेमार, नट, जल्लाद आणि सफाई करणारे यांच्या घरांवर खूण असे. त्यांना नगराबाहेर राहावे लागे आणि गावात आले की अंग चोरून डाव्या बाजूने चालावे लागे. 1948 च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्यता कधी जन्मली याचा शोध घेताना बाबासाहेबांनी हीच नोंद वापरली. फाहियानने चांडाळांबद्दल लिहिलेले त्यांना पुरेसे वाटले नाही. चांडाळाचा विटाळ आणि अस्पृश्यता या एक गोष्टी नव्हेत, असे त्यांनी बजावले. ह्युएन त्संगच्या काळी मात्र अस्पृश्यता होतीच, असे त्यांनी मानले. अलीकडची आणि पलीकडची मर्यादा ठरवून ते इसवी सन 400 च्या सुमारास पोहोचले. आपल्या सोयीचा पुरावाही त्यांनी तपासून घेतला. बाबासाहेबांची ही शिस्त आपण पोस्ट फॉरवर्ड करताना का विसरतो?

इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. ह्युएन त्संगने डावीकडून चालणारी माणसे पाहिली, लिहिली आणि तो पुढे गेला. हजारो भिक्खूंचे संघाराम उभे होते आणि गावाबाहेर खूण लावलेली घरेही होती. पंडित संघ आणि गावाबाहेरची माणसे यांच्यातले अंतर जिथे वाढले तिथे धम्माची मुळे सैल झाली, असे मला वाटते. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत उगाच नाही विचारला. 16 ऑक्टोबर 1956 रोजी ते चंद्रपूरला आले आणि लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी धम्म थेट गावाबाहेरच्या वस्तीच्या दारात आला. ह्युएन त्संगने जे फक्त लिहिले, ते बाबासाहेबांनी बदलले.

म्हणून त्या बारावीतल्या मुलाला माझे उत्तर असे. तुझ्या धम्माची दीक्षा 1956 ची आहे, आणि ती लाज नाही, अभिमान आहे. त्या आधी इथे लेणी होती, विहार होते, आणि आपल्या माणसांच्या घरांवर खूणही होती. दोन्हीची नोंद एकाच माणसाने केली आहे. पुढच्या वेळी कॉलेजात कुणी विचारले तर वैरागडची पोस्ट दाखवू नको. भद्रावतीला जा, अजिंठा बघ, बाबासाहेबांचा ग्रंथ उघड. आणि आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून 1956 च्या आठवणी वहीत उतरवून घे, कारण ते साक्षीदार आता एकेक करून चालले आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!